पंख्यावरचा हात

ही गोष्ट सांगायचं मी पंचवीस वर्षं टाळलं. विचारणारे कमी नव्हते. मी दुकानात फवारणीचा पंप उघडून बसलेलो असायचो आणि एखादं जुनं गिऱ्हाईक म्हणायचं, "शेटजी, ते विमानमास्तर तुमच्याच दुकानात बसत ना? त्यायची बोटं कशी गेलती जी?" मग मला एकदम एखादा स्क्रू सापडेनासा व्हायचा. मी टेबलाखाली वाकायचो आणि गिऱ्हाईक विषय बदलेपर्यंत वर यायचो नाही.

गेल्या महिन्यात पिपरी मेघे गावात एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी त्या विमानमास्तरांचा, म्हणजे आमच्या सरांचा, एक जुना विद्यार्थी बसला होता. आता मोठा कंत्राटदार आहे. भातावर वरण पडलं आणि त्याला सरांची आठवण झाली. उजव्या हाताची दोन बोटं दुमडून त्यानं हवेत पंखा फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाला, "जिंदगीभर आमाले सांगत राह्यले, सावध राहा बे, सावध राहा. अन् स्वतःच ठोकून घेतलं!" अख्खी ओळ हसली. मीही हसलो.

त्या हसण्याचा मला इतका संताप आला की ताट तसंच ठेवून उठलो. कंत्राटदाराचं काय, त्याला जे सांगितलं गेलं तेच तो सांगत होता. ते सांगण्यात माझा वाटा होता. मला आता शहात्तरावं चालू आहे, टेबलाखाली वाकणंही जमत नाही. तेव्हा आधी सरळ लिहून टाकतो. सरांनी कुठलाही निष्काळजीपणा केला नव्हता. त्यांच्या विमानाच्या इंजिनाला शेवटचा हात माझा लागला होता. हे मी त्यांच्या शाळेच्या प्राचार्यांपासून लपवलं, गावापासून लपवलं, सरांपासूनही लपवायला गेलो.

सर एका टेक्निकल शाळेत फिटिंग शिकवायचे. लोक खिशाला पेन लावतात, सर कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक लावायचे. हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, बाह्या कोपराच्या वर. कारण विचारलं तर म्हणायचे, "फिरणाऱ्या वस्तूले दागिने लई आवडतात." लग्न केलं नव्हतं. त्याचंही कारण विचारणारे असायचेच. "ठिणगी पडली होती," सर गंभीरपणे सांगायचे, "पण पिस्टन खालीच होता."

कोनमापक ते कुठेही काढायचे. कोणाकडे पूजेला गेले की चौरंग किती अंशांनी कलला आहे ते यजमानाला सांगायचे. एकदा बसस्टँडजवळच्या हॉटेलात त्यांनी समोशाचे तिन्ही कोन मोजले आणि मालकाला हाक मारली. "बेरीज एकशे ऐंशीच्या वर जाऊन राह्यली. म्हणजे फुगला हाय, आत हवा हाय. आलू टाक."

"मास्तर, खायचं असंल तर खा, नाई तर राहू द्या."

"खातो ना. पण हवेचा समोसा आहे हे तुले माहीत पाहिजे."

अशा माणसाची गावात टिंगल होणारच. मीही करत होतो. आमची ओळखच भांडणातून झाली. वर्ध्यात आमचं दुकान वडिलांपासूनचं, शेतीच्या पंपांचं. कपाशीवर फवारणीचे दिवस होते आणि दुरुस्तीला आलेले पेट्रोलचे पाठीवरचे पंप फूटपाथपर्यंत रांगेत ठेवले होते. त्यातला एक दोरी ओढली की दोरीच हातातून हिसकून घ्यायचा. मी त्याचा कार्बोरेटर उघडून बसलो होतो. सर सायकलवरून चालले होते ते थांबले, सायकल माझ्या काउंटरला टेकवली.

"कार्बोरेटर काऊन खोलला बे?"

"पेट्रोल बरोबर येऊन नाई राह्यलं जी."

"पेट्रोल येऊन राह्यलं. ठिणगी लवकर येऊन राह्यली. चकतीची चावी कापली असंल, पाह्य."

"मास्तर, माह्या बापापासून पंपाचं दुकान आहे आमचं."

"म्हणजे दोन पिढ्यायपासून कार्बोरेटरच खोलून राह्यले तुमी."

गिऱ्हाईकं हसली. मी रागारागानं ठिणगीची वेळ ठरवणारी ती जड चकती काढली. ती जागेवर धरून ठेवणारी नखाएवढी लोखंडी चावी खरोखरच कापली गेली होती. सर माझ्याकडे बघत नव्हते, पंपाच्या इंजिनाकडे बघत होते. "हे भंगारात टाकशील त्या दिवशी मले सांगजो," म्हणाले आणि निघून गेले. तेव्हापासून मी 'शेट' झालो, आणि दुकानातलं कोपऱ्यातलं स्टूल त्यांचं.

ही ठिणगीची भानगड इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पिस्टन वर येतो, पेट्रोलची वाफ दाबतो. तो टोकाला पोचायच्या जरासं आधी ठिणगी पडावी लागते, कारण जाळ पसरायलाही वेळ लागतो. इंजिन जोरात फिरत असेल तर ठिणगी बरीच आधी हवी. हातानं सुरू करताना मात्र ती उशिरा हवी, कारण तेव्हा सगळं हळू फिरत असतं. हळू फिरताना ठिणगी फार आधी पडली, तर वर येणारा पिस्टन वाटेतूनच मागे फेकला जातो आणि विमानाचा पंखा उलटा येतो. तो येतो तो ज्याचं बोट त्याच्यावर आहे त्याच्याकडे.

माझ्या दुकानातलं भंगारात काढलेलं इंजिन सरांनी विमानाला लावलं. विमान म्हणजे बसायचं नव्हे, उडवून बघायचं मॉडेल; उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येतील एवढ्या लांब पंखांचं, सावरीच्या हलक्या लाकडाचं, वर जुन्या धोतराचं कापड खळीनं ताणून बसवलेलं. दोन तारांवर ते उभ्या माणसाभोवती गोल उडायचं. इंजिनाची जड चकती काढून टाकली होती. तिच्याऐवजी मोपेडचे पॉइंट, एक कॉइल आणि बॅटरीचे सेल. शाफ्टवर बांगडीएवढा कॅम बसवला होता. त्याचा उंचवटा पॉइंट उघडायचा आणि पॉइंट उघडले की ठिणगी पडायची. बाहेर एक छोटी लिव्हर होती. ती मागे ओढली की ठिणगी उशिरा, पुढे ढकलली की लवकर. पुढे किती जायचं त्यालाही सरांनी खिळा ठोकून हद्द घातली होती.

मोजायची पद्धत त्यांची स्वतःची. दोन कोनमापक जोडून पूर्ण गोल केला होता, तो शाफ्टवर चढवायचा. पॉइंटला टॉर्चचा बल्ब जोडायचा. पंखा बोटानं मुंगीच्या चालीनं फिरवायचा. बल्ब विझला की थांबायचं आणि अंश वाचायचा. मग कॅमचा बारीक स्क्रू सैल करून किंचित सरकवायचं, पुन्हा घट्ट, पुन्हा बल्ब. "घट्ट करतानी स्क्रू कॅमले आपल्यासंगं ओढते," हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. "म्हणून घट्ट झाल्यावर पुन्हा मोज. मोजल्याबिगर झाकण लावलं तर तू फिटर नाई, ज्योतिषी हायेस."

इंजिन सुरू झालं की स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. त्या वेळी त्यांच्याशी बोललेलं त्यांना ऐकू यायचं नाही. एका अंशासाठी अख्खा रविवार जायचा. विद्यार्थी चुकला की म्हणायचे, "तुह्या डोक्यातले पॉइंट काळे पडले बे, पालिशपेपर मार."

आणि त्यांचा एक कायदा होता. ज्याचा हात आत, त्याचाच हात पंख्यावर. म्हणजे ज्यानं ठिणगीच्या वेळेला हात लावला, पहिल्यांदा पंखा त्यानंच फिरवायचा. दुसऱ्यानं नाही. पंखा फिरवायच्या आधी सर दर वेळी मोठ्यानं विचारायचे, "कोणाचा हात आत गेलता?" हात लावणारा पुढे यायचा, आपणच मोजून खात्री करायचा आणि आपणच बोट घालायचा. कोणी बोललं नाही तर सर स्वतः फिरवायचे. मी या कायद्यावरही हसायचो. आज म्हणतो, प्रत्येक कारखान्यात, कचेरीत, मंत्र्याच्या केबिनमध्ये हा कायदा टांगला पाहिजे.

मोठ्या माणसांना तो लावायला सर घाबरत नव्हते, हेच त्यांना भोवलं. एकदा नागपूरहून एक साहेब शाळा बघायला आले. विमानाची खोली दाखवताना त्यांनी आपल्या पेनाच्या टोकानं कॅमचा स्क्रू टोचून बघितला. प्राचार्य म्हणाले, "मास्तर, साहेबांना सुरू करून दाखवा." सर दोन पावलं मागे सरकले.

"साहेब, आता तुमी फिरवा."

"मी?"

"तुमचा हात आत गेलता."

"अहो मास्तर," प्राचार्य हसत म्हणाले, पण त्यांचा आवाज चिरका झाला होता, "साहेब आहेत ते."

"इंजिनाले माहीत नाई जी."

साहेबांनी घड्याळ बघितलं आणि निघाले. प्राचार्य त्यांच्या मागे धावले. दारातून त्यांनी सरांकडे टाकलेली नजर मी पाहिली. असली नजर माणूस जपून ठेवतो.

दीड-दोन वर्षांत मला इंजिनाचा नाद लागला. दुकान बंद केलं की मी शाळेच्या त्या खोलीत. सरांनी मला एक किल्लीही देऊन ठेवली होती. एके दिवशी डोळे मिटलेले असतानाच ते म्हणाले, "शेट, तुह्या कानात काही तरी हाय बरं." सर कोणाची स्तुती करत नसत. मी ते वाक्य घरी येऊन बायकोला सांगितलं, सकाळी दुकानातल्या नोकरांना सांगितलं. आणि मला वाटायला लागलं की आता मला सरांपेक्षा जास्त कळतं.

भांडण त्या हद्दीच्या खिळ्यावरून व्हायचं. माझं म्हणणं, ठिणगी आणखी चार अंश लवकर आणली तर इंजिन खरं खुलेल. सर म्हणायचे, "ओरडणारं इंजिन खुशच असते असं काऊन समजतं? माणूस बी जळल्यावर ओरडते."

"सर, तुमी भेता."

"भेतो ना. बोटं दहाच हायेत."

संमेलनाच्या दिवशी ते विमान शाळेच्या मैदानावर उडणार होतं. मी बाजारातल्या सगळ्या व्यापाऱ्यांना बोलावून ठेवलं होतं. ते मला महिनाभर चिडवत होते. "शेट, पंप विकून विमान घेतलं म्हणते!" मला त्यांच्या कानठळ्या बसवायच्या होत्या. एवढंच कारण. लोक पाप करतात त्याला निदान काही तरी बरं कारण असतं. मला आवाज मोठा हवा होता.

सकाळी सर मैदानावर तारा मोजत होते. मी खोलीत एकटा होतो. झाकण काढलं, कॅमचा स्क्रू सैल केला, अंदाजानं चार अंश पुढे सरकवला आणि घट्ट केला. कोनमापक समोर टेबलावर होता. बल्बही होता. तेवढ्यात व्हरांड्यात सरांच्या चपला वाजल्या. मी झाकण लावलं.

मोजलं नाही. हे दोन शब्द लिहायला मला पंचवीस वर्षं लागली.

लिव्हर जागच्या जागी, खुणा जागच्या जागी, खिळा जागच्या जागी. फक्त आतली वेळ पुढे गेली होती. बाहेरून बघणाऱ्याला काही कळायचा मार्ग नव्हता. मैदानावर व्यापारी पहिल्या रांगेत बसले होते. लाउडस्पीकरवर कोणीतरी घोषणा करत होतं. मी विमानाची शेपूट धरून मातीत बसलो. सरांनी लिव्हर पूर्ण मागे ओढली. ओढली. मी दोन हातांच्या अंतरावरून पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "कोणाचा हात आत गेलता?"

लाउडस्पीकरचा गोंगाट होता म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी माझ्याकडे बघून.

मी हो म्हटलं असतं तर त्यांनी तिथेच झाकण काढलं असतं, सगळ्या बाजारासमोर अर्धा तास बल्ब लावून बसले असते आणि वर मला 'ज्योतिषी' म्हटलं असतं. मी व्यापाऱ्यांकडे बघितलं. मनात म्हटलं, चार अंशांनी काय होते.

"कोणाचाच नाई सर," मी म्हणालो.

सरांनी पंख्यावर दोन बोटं ठेवली आणि झटका दिला.

आवाज फटाक्यासारखा झाला, एकच. पंखा उलटा आला. सर ओरडले नाहीत. ते मातीत बसले, उजवा हात डाव्या हातानं आवळून धरला आणि म्हणाले, "शेट, पेट्रोल बंद कर." त्या अवस्थेतही त्यांचं लक्ष गळणाऱ्या नळीकडे होतं. धोतराच्या पांढऱ्या पंखांवर रक्त उडालं होतं. एक बोट दुसऱ्या पेरापासून गेलं. दुसरं राहिलं, पण लाकडासारखं ताठ.

माणसं सरांना दवाखान्यात घेऊन गेली. मीही जायला पाहिजे होतं. मी इंजिन, बल्ब आणि कोनमापक घेऊन घरी गेलो. दार लावलं, झाकण काढलं, कोनमापक चढवला, बल्ब जोडला. स्क्रू घट्ट करताना कॅम ओढला गेला होता. चार अंश नाही, सोळा. लिव्हर पूर्ण मागे ओढूनही ठिणगी वेळेआधीच पडली होती. मी कॅम सैल केला, जुन्या जागी आणला, घट्ट केला, मोजला. पुन्हा मोजला. त्या दिवशी माझ्या हातून एका अंशाचाही फरक पडला नाही. सरांनी शिकवल्याबरहुकूम. मग फडक्यानं सगळं पुसून ठेवलं.

प्राचार्यांनी चौकशी ठेवली. टेबलावर इंजिन, बल्ब, कोनमापक. सगळे आकडे बरोबर निघाले. प्राचार्य खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे यंत्रात दोष नाही. मास्तर लिव्हर मागे घ्यायला विसरले." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जवळ होता. लिव्हर पुढेच होती ना?"

"नीट दिसलं नाई जी," मी म्हणालो.

"पण असेल?"

"असंल."

एवढंच. तेवढ्या एका शब्दावर सरांच्या सर्व्हिस बुकात 'निष्काळजीपणा' हा शब्द चढला. विमानाच्या खोलीला कुलूप लागलं. सरांना वर्कशॉपमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं. ज्यानं दोन पिढ्यांना कानस धरायला शिकवली, तो माणूस पोरांना कानशी वाटायचा आणि संध्याकाळी परत घ्यायचा. पोरं खिडकीशी येऊन बोटं दुमडून म्हणायची, "सर, सावध राहा!" प्राचार्यांना मी आजही माफ केलेलं नाही. पण त्यांनी फक्त संधी साधली. ती त्यांच्या हातात आणून देणारा मीच.

मला सरांचाही राग आहे. हे वाचून कोणाला माझी लाज वाटेल, वाटू द्या. दीड महिन्यानं ते दुकानात आले. हाताला पट्टी. स्टुलावर बसले आणि चौकशीनंतर माझ्याकडेच राहिलेलं इंजिन मागितलं. डाव्या हातानं झाकण काढलं, डाव्या हातानं कॅमचा स्क्रू काढला. मी पुढे झालो तर म्हणाले, "बस तू." कॅम शाफ्टवरून सरकवून त्यांनी शाफ्ट उजेडाकडे धरला. घट्ट केलेला स्क्रू लोखंडात बारीक खड्डा पाडतो. सर एखाद-दुसरा अंशच सरकवायचे, त्यामुळे तिथे एकच खड्डा असायला हवा होता. दोन होते. दुसरा ताजा, चकचकीत.

सरांनी दोन्ही खड्ड्यांवरून नख फिरवलं.

"शेट, किती अंश?"

"मले काय माहीत सर," मी म्हणालो.

कोनमापक त्यांच्या खिशात होता. दोन खड्ड्यांमधलं अंतर मोजायला त्यांना मिनिटही लागलं नसतं. त्यांनी खिशाला हात लावला नाही. कॅम परत बसवला, डाव्या हातानं जमेल तसा घट्ट केला, "येतो," म्हणाले आणि इंजिन तिथेच सोडून गेले. स्टूल त्या दिवसापासून रिकामं.

पुरावा त्यांच्या हातात होता. प्राचार्यांच्या टेबलावर तो शाफ्ट आपटायचा. बाजारात माझी कॉलर धरायची. माझ्या बायकोला सांगायचं. यातलं काहीच त्यांनी केलं नाही. पुढे कित्येक वर्षं मी चरफडत होतो, की या माणसानं ओरडून मला मोकळं का केलं नाही? आता कळतं की ते माझा हात वर व्हायची वाट बघत होते. त्यांच्या कायद्यात दुसऱ्याचा हात धरून वर करायची सोय नव्हती.

दोन वर्षांनी सरांनी मुदतीआधीच नोकरी सोडली आणि गिरडला विधवा बहिणीकडे राहायला गेले. तिथेच सहा-सात वर्षांनी वारले. मला कळलं तेव्हा तेरावा होऊन गेला होता. त्या सहा-सात वर्षांत मी एकदाच गिरडला गेलो, सर जाण्याच्या आदल्या वर्षी.

वाटेत जाम गावी बस बदलली तेव्हापासून मी वाक्य घोकत होतो. सर, कॅम मी हलवला होता. चूक माझी. माफ करा. पोराला पाढा पाठ करायला बसवावं तसं स्वतःला बसवलं होतं.

सर अंगणात कोणाची तरी शिलाई मशीन उघडून बसले होते. केस पूर्ण पांढरे. खिशाला कोनमापक नव्हता. घरात इंजिन कुठे दिसलं नाही. मला बघून ते उठले, बाज टाकली. बहीण पाणी घेऊन बाहेर आली.

"हेच काय ते शेट? भाऊ सांगत राह्यते, वर्ध्यात एकालेच कान होता म्हणून."

मी पाणी न पिताच पेला खाली ठेवला. सर मशीनकडे बघत म्हणाले, "ताई, चहा ठेव."

चहा झाला. जेवण झालं. गावच्या दर्ग्याच्या टेकडीवर चढणाऱ्यांची गर्दी झाली. सर बहिणीच्या बकरीच्या दुखऱ्या पायाबद्दल बोलले, गावच्या विजेबद्दल बोलले, चष्म्याचा नंबर वाढल्याचं बोलले. मी "हो जी", "खरं हाय" करत राहिलो. बहीण आत गेली की मी तोंड उघडायचो आणि ती बाहेर यायच्या आत मिटायचो. ती कितीदा आत गेली, मला आठवतं. मुद्दाम जात होती असं आता वाटतं.

दुपार कलली तशी मी उठलो. "चाल, स्टँडवर सोडतो," सर म्हणाले. आम्ही लिंबाखालच्या दगडी ओट्यावर बसलो. पहिली बस आली, जवळजवळ रिकामी. मी उठायला लागलो.

"गर्दी दिसते," सर म्हणाले. "पुढची घे."

पाच मिनिटं उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गाबाहेर उभं करणारा माणूस. मी खाली बसलो. पाऊण तास आम्ही तिथे होतो. त्यांनी मला काहीही विचारलं नाही. उजवा हात गुडघ्यावर उघडा ठेवला होता. एरवी सर तो खिशात ठेवत, दिवसभर मी पाहिलं होतं. मी रस्त्याकडे बघत बसलो. समोर एक बाई शेंगा सोलत होती, तिच्या शेंगा मोजत बसलो.

दुसरी बस आली. सर ड्रायव्हरकडे बघून म्हणाले, "याचा चेहरा काही बरा नाई दिसत मले." मी हसलो. ते हसले नाहीत. बस गेली.

ऊन उतरलं. तिसरी बस वळणावर दिसली तेव्हा सर म्हणाले, "ही शेवटची हाय आता."

"हो जी," मी म्हणालो.

मी चढलो. खिडकीशी जागा मिळाली. सर खिडकीखाली येऊन उभे राहिले, मान वर करून.

"सर..."

"बोल."

कंडक्टर मागे तिकिटं फाडत होता. सर हलले नाहीत, डोळेही हलवले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "तब्येतीले जपजा."

घंटी वाजली.

"हो," सर म्हणाले. "तू बी."

बस सुटली. स्टँड दिसेनासा झाला आणि माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडलं. सर, कॅम मी हलवला होता. चूक माझी. माफ करा. स्पष्ट, मोठ्यानं, एकही शब्द न अडखळता. मी ते पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. शेजारची बाई काही वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग पिशवी उचलून पुढच्या सीटवर जाऊन बसली. जाम गाव येईपर्यंत मी म्हणत होतो.